विषय, सही आणि मधलं सगळं

"पाठवा की तिला माझ्याकडे," असं मी जिन्यात म्हणालो, तेव्हा माझ्या एका हातात कचऱ्याची पिशवी होती आणि अंगात कोपरावर विरलेला घरातला सदरा होता. अशा अवतारात माणसानं कोणतीही जबाबदारी अंगावर घेऊ नये. पण समोर खालच्या मजल्यावरची नर्स उभी होती, रात्रपाळी करून आलेली, डोळे तांबारलेले, आणि ती माझ्याशी बोलत होती. माझ्याशी कुणीतरी बोलतंय या आनंदात त्या दिवशी मी कशालाही हो म्हणालो असतो. तिनं फ्रीज उचलून गच्चीवर न्या म्हटलं असतं, तर मी फक्त "आतलं सामान काढू की राहू दे?" एवढंच विचारलं असतं.

तिची तक्रार मुलीबद्दल होती. मुलगी तिसरीत. वाचते घडाघडा, पण विचारलं की तोंडाला कुलूप. शाळेतल्या बाईंनी प्रगतिपुस्तकात लिहून पाठवलं होतं, "वाचन उत्तम, आकलन नाही."

"काका, वाचन उत्तम आणि आकलन नाही, असं कसं असेल हो?" नर्सनं विचारलं.

"असतं," मी म्हणालो. "आमच्या ऑफिसात सगळे तसेच होते."

ती हसली नाही. झोपेनं तिचा जीव अर्धा झाला होता. मग मी ते वर सांगितलेलं वाक्य बोललो आणि पिशवी घेऊन खाली गेलो.

इथे हे सांगायला हवं की त्या दिवसांत मी घरात एकटा होतो. बायको मुलाकडे गेली होती. सुनेची रजा संपली, बाळाला परक्याच्या भरवशावर टाकायला तिचं मन होईना, म्हणून आमच्या हिला बोलावणं आलं. "थोडे दिवस जाऊन येते," ही म्हणाली. मी "बरं" म्हणालो. थोडे दिवस म्हणजे किती, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्याकडे असलं काही विचारायची पद्धत नाही. ती गेली तेव्हा घरात दिवसरात्र पंखा फिरत होता. आता पहाटे पांघरूण ओढून घ्यावं लागत होतं, आणि तिकडे बाळ म्हणे भिंत धरून उभं राहायला लागलं होतं.

रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा.

"जेवलात का?"

"हो."

"काय केलं होतंत?"

"जेवण."

"बरं."

"बरं."

मग मी फोन ठेवायचो आणि घर पुन्हा गप्प व्हायचं. एकटेपणा वगैरे शब्द मला आधी पुस्तकी वाटायचे. पण सकाळी टेबलाच्या कडेला ठेवलेला पेला संध्याकाळी त्याच कडेला तसाच सापडतो ना, तेव्हा आत काहीतरी खचतं. इतकी वर्षं त्या पेल्यावरून मी बोलणी खाल्ली होती. आता तो पेला पडून फुटला तरी विचारणारं कुणी नव्हतं. मला करमत नव्हतं, अजिबात करमत नव्हतं. फक्त हे तिला सरळ सांगता येत नव्हतं, म्हणून मी आडून आडून सुचवायचो.

"बाल्कनीतलं झाड वाळत चाललंय," मी म्हणायचो. याचा अर्थ, ये.

"पाणी घाला," ती म्हणायची.

"दूध रोज नासतंय." याचाही अर्थ, ये.

"कमी घेत जा."

"स्वयंपाकघरातला दिवा लुकलुकतोय." याचा अर्थ तर शेंबड्या पोरालाही कळला असता.

"इलेक्ट्रिशियनला बोलवा," ती म्हणाली. इलेक्ट्रिशियन आला, दिवा बदलून गेला. मग माझ्याकडे तेवढंही कारण उरलं नाही.

जाताना तिनं घरभर चिठ्ठ्या चिकटवून ठेवल्या होत्या. डब्यांवर, कपाटांवर, नळापाशी, वॉशिंग मशीनवर, बाहेरच्या दाराच्या आतल्या बाजूला. चांगल्या वीतभर लांब, बारीक अक्षरात. आणि मी त्या सगळ्या वाचल्या होत्या. म्हणजे माझ्या पद्धतीनं वाचल्या होत्या.

माझी पद्धत सांगतो. मी पाणीपुरवठा कार्यालयात आवक-जावक कारकून होतो. येणारं पत्र नोंदवायचं, जाणारं पत्र नोंदवायचं. आवक-जावकवाला पत्र वाचतो म्हणजे काय करतो? वर 'विषय' लिहिलेला असतो तो बघतो, खाली सही कुणाची ते बघतो, शिक्का मारतो आणि पुढचं पत्र घेतो. मधलं वाचत बसलो असतो तर शहर तहानेनं तडफडलं असतं. (मधलं वाचणं हे साहेबांचं काम. साहेबही वाचत नसत, पण तो त्यांच्या पगाराचा प्रश्न.) बायकोच्या चिठ्ठ्याही मी त्याच शिरस्त्यानं वाचल्या. पहिली ओळ, "गॅस रात्री खालून बंद करावा." खाली सही, "मी." समजलं. शिक्का तेवढा मारायचा राहिला.

असा मी, मुलांना आकलन शिकवायला बसलो.

मुलगी एकटी आली नाही. तळमजल्यावरच्या शिंप्यानं आपली जुळी मुलंही पाठवून दिली. "तिला शिकवताच आहात तर यांनाही बसवा काका," तो म्हणाला. "सुट्टी लागल्यापासून दुकानात असतात, आणि दुकानात कात्र्या असतात." जुळ्यांपैकी एक नेहमी उजवीकडे बसायचा आणि एक डावीकडे, म्हणून मी त्यांना उजवा आणि डावा म्हणायला लागलो. जागा बदलल्या की नावंही बदलत. त्यांची त्याला काही हरकत नव्हती. नर्सची मुलगी प्रत्येक वाक्याची सुरुवात 'पण' म्हणून करायची, तेव्हा तिचं नावच मी 'पण' ठेवलं.

"पण हे काही नाव नाही," ती म्हणाली.

"आता आहे," मी म्हणालो.

पहिल्या दिवशी पाठ्यपुस्तकातला उतारा काढला. एक मुलगी बागेत जाते, तिला पिल्लू सापडतं, ती त्याला घरी आणते. उजव्यानं खणखणीत आवाजात वाचला. वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की पुस्तक डाव्याच्या मांडीवर होतं आणि तेही मिटलेलं. उतारा त्याला पाठ होता. प्रश्न पाठ होते, उत्तरंही पाठ होती. मी "मुलीला काय सापडलं?" असं विचारायच्या आधीच डावा म्हणाला, "पिल्लू. दुसऱ्या प्रश्नाचंही सांगू का?"

तेव्हा मी एक शक्कल लढवली. मीच एक उतारा लिहिला, ज्यात काहीही अर्थ नव्हता. "डुमक्या खोबळ्यात भुसकला. त्याच्या हातात लुंगरं होतं. लुंगरं पाहून टिंबी फणकली." खाली प्रश्न. डुमक्या कशात भुसकला? त्याच्या हातात काय होतं? टिंबी का फणकली?

जुळ्यांनी धडाधड उत्तरं लिहिली. डुमक्या खोबळ्यात भुसकला. त्याच्या हातात लुंगरं होतं. लुंगरं पाहून टिंबी फणकली. दोघांनाही पैकीच्या पैकी देण्यावाचून गत्यंतर नव्हतं. फक्त पणचा कागद कोरा होता.

"पण आजोबा, लुंगरं म्हणजे काय?"

"मलाही माहीत नाही."

"पण मग तुम्ही लिहिलं कसं?"

"नोकरीत मी असंच लिहायचो," मी म्हणालो.

शाळेतल्या बाईंची तक्रार काय होती ते मला तेव्हा थोडं कळलं. सगळं कळल्याशिवाय ही मुलगी उत्तरच लिहीत नव्हती, आणि म्हणून तिला काही कळत नाही असं सगळ्यांना वाटत होतं. आता एखादा शहाणा माणूस इथेच थांबला असता, मुलीच्या आईला हे सांगून मोकळा झाला असता. मी थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर मुलं दुसऱ्या दिवशी आली नसती. मुलं दुपारी येत. त्यांच्या चपला दारात अस्ताव्यस्त पडलेल्या असत आणि मला त्यांच्याकडे बघून उगाच बरं वाटायचं.

तेव्हा मी शिक्षणाला नवं वळण दिलं. 'वाचा आणि करा.' जे वाचलं ते करून दाखवायचं, म्हणजे समजलं की नाही याचा तिथल्या तिथे निकाल. उतारे शोधायला लांब जायला नको होतं, घरभर चिकटवलेलेच होते. आणि वाचायचं कसं, तर माझ्या पद्धतीनं. "वरचा विषय बघायचा," मी सांगितलं, "खालची सही बघायची. मधे अडकायचं नाही. मोठी माणसं असंच वाचतात."

"पण मधे लिहिलेलं असतं," पण म्हणाली.

"ते जागा भरायला असतं," मी म्हणालो.

जुळे स्वयंपाकघरात गेले. मी खुर्चीत डोळे मिटून, गुरुजी बसतात तसा बसलो.

"हरभरे. आदल्या रात्री भिजत घालावेत," आतून डाव्यानं वाचलं.

"सही?"

"मी."

"समजलं?"

"समजलं."

"मग करा."

खुडबुड झाली, नळाचा आवाज आला, आणि बऱ्याच दिवसांनी माझ्या स्वयंपाकघरात भांडी वाजली. मी आत डोकावलोही नाही. ते आवाज ऐकत खुर्चीतच बसून राहिलो. मुलं घरी गेली, फोन येऊन गेला, मी झोपलो.

सकाळी न्हाणीघराचं दार उघडलं, तर पायाखाली काहीतरी गोल गोल आलं आणि मी घसरत जाऊन वॉशिंग मशीनला कडकडून मिठी मारली. (कुणाला तरी मिठी मारून बरेच महिने झाले होते. मशीन गार होतं.) सावरून बघतो तर बायकोनं भरून ठेवलेला हरभऱ्यांचा आख्खा डबा बादलीत गेला होता. रात्रीतून ते फुगले होते, काठावरून वर आले होते, वरून खाली कोसळले होते आणि आता दारातून बाहेर निघाले होते. एका बादलीच्या दोन बादल्या झाल्या होत्या आणि त्यांची अजून वाढ चालूच होती.

फेकायला जीव होईना. मी पातेली भरभरून जिना चढलो उतरलो, दार दार वाजवलं. जे लोक वर्षानुवर्षं मला नुसती मान हलवत, त्यांच्या हातात मी भिजलेले हरभरे दिले. काहींनी आत बोलावलं, काहींनी "घरी आजारी आहे का कुणी?" असं विचारलं. पुढे कितीतरी दिवस आमच्या जिन्यात हरभरे शिजल्याचाच वास होता. शिंपी मला थांबवून म्हणाला, "मुलं शिकतायत, ते कळतंय काका. पण ते रोज ताटात दिसायलाच हवं असं नाही."

दुपारी वर्ग भरल्यावर मी जुळ्यांना फैलावर घेतलं. "एवढे घालतात का? किती घालायचे याचा काही विचार?"

"किती ते लिहिलेलंच नव्हतं," उजवा म्हणाला.

नर्सची मुलगी उठून आत गेली. ती रिकामा डबा पोटाशी धरून बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहून वाचायला लागली. "पण लिहिलंय. 'एकट्याला मूठभर पुरतात. जास्त घालू नका, फुगतात. उरलं की तुम्ही तेच तेच खात बसता आणि कुणाला सांगत नाही.'"

आधीच्या आठवड्यात एकच भाजी मी सलग चार वेळा खाल्ली होती आणि फोनवर "जेवण" म्हणून सांगितलं होतं.

"पण आजोबा, तुम्ही हे वाचलं नव्हतं?"

"वाचलं होतं," मी म्हणालो. "म्हणजे... नोंद केली होती."

त्यानंतर वर्ग माझ्या हातात राहिला नाही. चिठ्ठीमागून चिठ्ठी वाचत ती मुलगी घरभर फिरायला लागली, मागे जुळे, त्यांच्या मागे मी. स्वयंपाकघरात चहाच्या डब्यापाशी ती टाचा उंचावून उभी राहिली. वरची ओळ मला पाठ होती, "चहा एक चमचा, साखर एक." खालचं मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"'हे एका कपाचं माप आहे. तुम्हाला दोन कपांची सवय आहे. दुसरा कप करू नका, तो गार होईल आणि मग तुम्ही त्याच्याकडे बघत बसाल.'"

बायको गेल्यापासून मी रोज दोन कप चहा करत होतो. हात आपोआप दोन कपांचं पाणी घ्यायचा. एक मी प्यायचो, दुसरा समोर ठेवायचो, आणि तो गार झाला की तोही पिऊन टाकायचो. हे जगात कुणालाच माहीत नव्हतं, आणि जायच्या आधीच तिनं ते इथे लिहून ठेवलं होतं. मुलांसमोर रडायची चोरी, म्हणून मी जोरात खोकलो.

"पण खोकल्याचंसुद्धा आहे," पण म्हणाली. ती एव्हाना कपाटापाशी पोचली होती. "'स्वेटर वरच्या कप्प्यात. गारठा आहे हे तुम्ही कबूल करत नाही आणि मग रात्रभर खोकता. इथे असले की मला जाग येते. आता कुणाला येणार नाही, तेव्हा आधीच घाला.'"

डाव्यानं खुर्ची ओढली, वर चढला आणि स्वेटर काढून माझ्या हातात दिला. मी तो मुकाट्यानं घातला.

शेवटची चिठ्ठी बाहेरच्या दाराच्या आतल्या बाजूला होती. "कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघावं." मी रोज दोनदा ओढून बघत होतो आणि स्वतःवर खूश होतो. पणनं बोट ठेवून खालचं वाचलं, सावकाश, एकेक शब्द चावून.

"'इथवर तुम्ही वाचणार नाही हे मला माहीत आहे. वाचलंत, तर फोनवर एकदा सरळ ये म्हणा. झाड वाळलं, दिवा गेला असलं आडून बोलू नका. मला कळतं, पण मी कळलं नाही असं दाखवीन. मी आपणहून येऊ का म्हणून विचारणार नाही. विचारलं की तुम्ही बरं म्हणता.'"

जुळे एकमेकांकडे बघायला लागले. पण माझ्याकडे बघत होती.

"पण आजोबा, म्हणजे आजी वाट बघतेय?"

पाण्याच्या हजारो तक्रारी माझ्या हाताखालून गेल्या असतील. त्यांतल्या एकीचंही मधलं मी वाचलं नाही, आणि त्याचं मला कधी काही वाटलंही नाही. त्या दिवशी वाटलं. ती तिकडे रोज संध्याकाळी "जेवलात का" विचारत होती, आणि मी इकडे वाळलेल्या झाडाच्या गोष्टी सांगत होतो.

"फोन लावा," उजवा म्हणाला.

"संध्याकाळी तिचा येतो की."

"पण आत्ता लावा," पण म्हणाली.

मी लावला. तीन पोरं गुडघ्याला गुडघा लावून समोर बसली.

"काय झालं?" तिनं घाबरून विचारलं. दुपारी मी कधी फोन करत नाही.

"काही नाही. चिठ्ठी वाचली."

"कुठली?"

"दारावरची."

"कुलूप ओढून बघायची?"

"त्याच्या खालची."

ती म्हणाली, "कुणी वाचून दाखवली?"

"मीच. वरून खाली येत आलो."

"अहो."

"पणनं," मी म्हणालो.

"ही कोण पण?"

मी सगळं सांगितलं, नर्स, जुळे, आकलन. हरभऱ्यांचं गाळलं. ऐकून घेऊन ती म्हणाली, "मग?"

"मग... ते बाल्कनीतलं झाड आहे ना..." मी सुरुवात केली. पणनं कपाळावर हात मारून घेतला. मी डोळे मिटले. "ये," मी म्हणालो. "मला इथे करमत नाही. तू ये."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

जन्मभर मी लोकांना 'बरं' देत आलो होतो. घेतल्यावर कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं. बरं म्हणजे हो? की बरं म्हणजे बघू? पुढचे काही दिवस तिचे फोन आले ते नेहमीसारखेच. त्या विषयाला तिनं हात घातला नाही, आणि मला तर एकदा 'ये' म्हणूनच धाप लागली होती. मग एका संध्याकाळी फोनऐवजी मोबाईलवर निरोप आला.

"रविवारी येते."

बस्स, एवढंच. वर विषय नाही, खाली सही नाही. मी उभ्या आयुष्यात असं पत्र पाहिलं नव्हतं.

आता मी जुना आवक-जावकवाला राहिलो नव्हतो. मी मधलं वाचायला शिकलो होतो. ती येणार याचा मला झालेला आनंद पाचच मिनिटं टिकला. मग मनात आलं, येते म्हणजे राहायला येते की भेटायला येते? गरम कपडे न्यायला येतात माणसं. दोन दिवस येतात आणि परत जातात. फोन करून विचारता आलं असतं. पण विचारलं आणि ती "दोन दिवस" म्हणाली, तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर निदान चांगलं तरी असू शकतं.

दुसऱ्या दिवशी मी ते वाक्य खडूनं कपाटाच्या दारावर लिहिलं आणि मुलांना प्रश्न घातला, "येते म्हणजे काय? राहायला की भेटायला? उताऱ्याच्या आधारे सांगा."

"आमच्याकडे लोक 'येतो' म्हणतात ते जाताना," डावा म्हणाला. मी त्याला शून्य दिलं.

"जाताना आजी थोडे दिवस म्हणाली आणि पुष्कळ दिवस राहिली," उजवा म्हणाला. "म्हणजे ती कमी सांगते. आता तर किती दिवस ते सांगितलंच नाही. म्हणजे कायमची येतेय." मला त्याला उचलून घ्यावंसं वाटलं.

"पण उताऱ्यात नाही ते उत्तरात लिहायचं नसतं," पण म्हणाली. "पण आजीची बॅग केवढी आहे ते उताऱ्यात नाही."

तो उतारा आम्हाला रोज पुरला. मुलं यायची, आम्ही कपाटासमोर बसायचो, पुन्हा तेच वाक्य. मी त्यांच्यासमोर हसायचो, पण मुलं गेल्यावर एकटाच त्या दाराकडे बघत बसायचो. दोन शब्दांचं वाक्य, पण रात्री कूस बदलली की त्याचा अर्थही बदलायचा. मनाशी मी सगळं ठरवून ठेवलं होतं. रविवारी उठून दाढी करायची, इस्त्रीचा शर्ट घालायचा, कपाट पुसायचं, स्टेशनवर लवकर जाऊन उभं राहायचं आणि पहिल्यांदा बॅग बघायची. चेहरा नंतर.

आदल्या दिवशी आम्ही शेवटची उजळणी करायला बसलो. मी त्याच विरलेल्या सदऱ्यात, दाढीचे खुंट, हाताला खडू. चर्चा रंगात आली होती. "तर मग," मी विचारलं, "सगळा विचार करता, येते म्हणजे काय?"

"राहायला," कुणीतरी म्हणालं.

"कशावरून?" मी फळ्याकडे, म्हणजे कपाटाकडे तोंड करूनच विचारलं. "आधार द्या."

"दोन मोठ्या बॅगा नेल्या होत्या, त्या दोन्ही परत आणल्यात. वर एक तिसरी," दारातून आवाज आला. "बाळाला सांभाळायला चांगली बाई मिळेपर्यंत थांबले, नाहीतर तुम्ही 'ये' म्हणालात त्याच दिवशी निघाले असते. आणि स्टेशनवर बाकावर बसून तुमची वाट बघून शेवटी टॅक्सीनं आले. शिंप्यानं बॅगा वर आणून दिल्या."

बायको उंबऱ्यात उभी होती. उन्हानं लाल झालेली, थोडी वाळलेली, आणि माझ्याकडे नखशिखांत बघत होती. किती वेळा मी हा क्षण मनात आणला होता. त्यात माझी दाढी केलेली असायची.

"अगं, पण तू उद्या येणार होतीस ना," मी म्हणालो.

"आज रविवार आहे," ती म्हणाली.

(एकट्या माणसाचे वार एकमेकांत मिसळतात. कालच्यासारखा आज, आजच्यासारखा उद्या. त्यातला एखादा हातातून सुटला तरी पत्ता लागत नाही.) ती आत आली. कपाटावरचं वाक्य तिनं वाचलं, माझा खडूनं माखलेला हात हातात घेतला आणि आपल्या पदरानं पुसला. एवढे दिवस कोंडून धरलेलं सगळं माझ्या डोळ्यांतून वाहायला लागलं, आणि या खेपेला मी खोकण्याचं सोंगही केलं नाही. तीही रडली. जुळे अदबीनं भिंतीकडे बघत राहिले.

मग मात्र मला राग आला. ती बिचारी स्टेशनवर एकटी बसली होती, आणि इथे चार जणांत एकालाही वार ठाऊक नसावा?

"आज रविवार आहे, हे तुम्हाला माहीत होतं का रे?" मी मुलांना दरडावलं.

"हो," उजवा म्हणाला.

"सकाळपासून," डावा म्हणाला.

"मग सांगितलं का नाही?"

"पण आजोबा," पण म्हणाली, "तुम्ही प्रश्न 'येते'वर घातला होता. 'रविवारी'वर कुठे घातला होता?"